लष्करी बँड आणि छात्रांचे पाऊल



पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत वर्षातून दोनदा दीक्षान्त संचलन होते. तीन वर्षांचा शिक्षणक्रम पुरा केलेले छात्र खेत्रपाल मैदानावर अखेरचे एकत्र येतात. मानवंदना होते, पदके दिली जातात, उपदेशाचे चार शब्द सांगितले जातात. आणि मग तो शेवटचा क्षण येतो. ‘धीरे चल’ असा हुकूम सुटतो. आतापर्यंत तडफेने पडणारी पावले एकाएकी संथ होतात, आणि प्रबोधिनी सोडून जाणारे छात्र, जहाजावरील मानाच्या जागेचे नाव लाभलेल्या ‘क्वार्टरडेक’पुढून मैदानाचा निरोप घेतात. त्या वेळी बँड जी धून वाजवितो ती असते ‘ऑल्ड लँग साइन’. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने अठराव्या शतकाच्या अखेरीस शब्दबद्ध केलेले, जुन्या मैत्रीची आठवण जागविणारे हे गीत आहे.

आता कोणाच्याही मनात सहज प्रश्न उभा राहील. सह्याद्रीच्या कुशीतील एक भारतीय संस्था, सिंहगड जिच्या माथ्यावर पहारा देत आहे अशी. तिच्यातून बाहेर पडणारा सातारचा, विजापूरचा, मणिपूरचा किंवा पंजाबचा मुलगा. आणि त्याच्या आयुष्यातील या हृद्य क्षणी साथीला स्कॉटलंडचे गाणे! हे असे का व्हावे? आणि झाले तर त्यात वावगे काही आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर लष्करी बँड आपल्या देशात कसा आला, छात्रांच्या शिक्षणात त्याचे काम काय, आणि परक्याची ही वस्तू आपण आपली कशी करीत आलो, हा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

हुबळी-धारवाडच्या श्रोत्यांपुढे बँडविषयी बोलताना थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. ही ख्यालगायकीची भूमी. सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांच्या स्वरांनी येथील कान घडले आहेत. ज्या कानांनी विलंबित लयीतील एकेका स्वराचा विस्तार ऐकला, त्यांना ढोल-झांजांच्या गजरातले संगीत उथळ वाटावे यात नवल नाही. बँड म्हटला की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. परंतु लष्करी बँडचे मोजमाप मैफलीच्या मापाने करणे म्हणजे तराजूने कापड मोजण्यासारखे होय. त्याचा जन्म रंजनासाठी झालेला नाही. तो पावलासाठी झालेला आहे.

वाद्य आणि युद्ध यांचा संबंध आपल्याकडे पुरातन आहे. शंख, भेरी, दुंदुभी यांची नावे महाभारतापासून ऐकू येतात. मराठ्यांच्या फौजांत नगारा, शिंग, कर्णा, तुतारी ही वाद्ये होती. नगारा वाजला की कूच करावयाचे, शिंग फुंकले की सावध व्हावयाचे. गडावर चौघडा झडला की लोकांना वेळ कळावयाची. पण ही वाद्ये इशारा देत, उत्साह देत, ऐश्वर्य दाखवीत. शिपायाने डावा पाय केव्हा टाकावा आणि उजवा केव्हा, हे ती सांगत नसत. पूर्वीच्या युरोपातही बहुतांशी हीच स्थिती होती. हजारो माणसांनी एका क्षणी एक पाऊल उचलावे, ही कल्पना युरोपात नेटाने अमलात आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः प्रशियाच्या सैन्यात.

त्यामागील कारण शोभेचे नव्हते, हत्याराचे होते. त्या काळच्या बंदुकीचा नेम बेभरवशाचा. म्हणून एका रांगेतील सर्वांनी एकदम बार काढला तरच परिणाम व्हावयाचा. रांग तुटली, कोणी पुढे गेला, कोणी मागे राहिला, की सगळाच डाव फसावयाचा. रांग सरळ ठेवावयाची तर पावले सारखी हवीत, आणि पावले सारखी ठेवावयाची तर ताल हवा. पुढे कवायतीच्या नियमांत हे गणित पक्के झाले. एक पाऊल 30 इंचांचे, मिनिटाला 120 पावले. म्हणजे एका मिनिटात बरोबर 100 यार्ड. सेनापतीने घड्याळ पाहावे आणि अमुक पलटण अमुक वेळी अमुक ठिकाणी पोहोचेल असे बिनचूक सांगावे. ढोल हे असे एकाच वेळी घड्याळही होते आणि मोजपट्टीही. आजच्या युद्धात कोणी रांगेने चालत शत्रूवर जात नाही हे खरे. पण शंभर निरनिराळ्या स्वभावांच्या तरुणांना एका लयीत आणण्याचे याहून साधे साधन अद्यापि सापडलेले नाही.

येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या बँडला आपण पाश्चात्त्य म्हणतो त्याचा गाभा पूर्वेकडून गेलेला आहे. आपला नगारा अरबी भाषेतील ‘नक्कारा’ या शब्दाचा भाऊ. धर्मयुद्धांच्या काळात तो युरोपात गेला आणि जुन्या इंग्रजीत ‘नेकर’ या नावाने रुळला. पुढे तुर्की सुलतानांच्या पदरच्या वादकांचा गजर ऐकून अठराव्या शतकातील युरोपीय राजांनी मोठा ढोल आणि झांजा आपल्या पलटणींत आणल्या. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांना कळी बसविण्यात आल्या, त्यामुळे त्यांच्यावर सगळे स्वर निघू लागले. अ‍ॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने 1846 साली सॅक्सोफोनचे हक्क नोंदविले. पूर्वेचा ताल आणि पश्चिमेची पितळ यांचा असा संगम झाला, आणि तो कंपनी सरकारच्या पलटणींबरोबर जहाजात बसून आपल्या किनाऱ्याला लागला. माहेरची वस्तू सासरचे दागिने घालून परत यावी, तसा हा प्रकार झाला.

आपल्या लोकांनी या नव्या संगीताचे स्वागत कसे केले? तुच्छतेने केले नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. मद्रासच्या किल्ल्यातील बँडच्या धुना कर्नाटक संगीताचे थोर वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या कानी पडल्या. त्यांनी त्या धुनांवर संस्कृत देवतास्तुती रचल्या. ‘नोट्टुस्वर’ या नावाने त्या आजही शिष्यांना शिकविल्या जातात. त्याच सुमारास तंजावरास मराठ्यांचे राज्य होते. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. वैद्यकापासून मुद्रणापर्यंत सर्व नव्या विद्यांची जिज्ञासा असलेला हा भोसले कुळातील राजा बँडकडेही विद्या म्हणूनच पाहत होता. आपल्या स्वरांची ओळख पक्की असलेला माणूस परक्या स्वराला भीत नाही, हेच या दोन उदाहरणांवरून दिसते.

पश्चिम किनाऱ्यावर या विद्येचे खरे वाहक झाले ते गोव्याचे लोक. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची पद्धत होती. गरीब घरातील मुलगा कागदावरील स्वर वाचू शकत असे, आणि ही कला त्याच्या पोटापाण्याचे साधन होत असे. ब्रिटिश अमलातील शहरांत, पोलिसांच्या व संस्थानिकांच्या पदरी असलेल्या बँडांत गोवेकर वादक आणि बँडमास्तर मोठ्या संख्येने शिरले ते या शिदोरीवर. पुढे याच लोकांच्या मुलानातवंडांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. त्यांतील फारच थोड्यांची नावे लोकांना ठाऊक आहेत. त्यांचे स्वर मात्र घराघरांत पोहोचले.

धारवाडहून उत्तरेस निघाले की दोन-अडीच तासांत आपण बेळगावास पोहोचतो. 1768 पासून परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र तेथे 1922 पासून आहे. ‘लाइट इन्फंट्री’ म्हणजे हलके पायदळ. मुख्य सैन्याच्या पुढे धावत जाऊन शत्रूला गाठणे हे त्याचे मूळ काम. विखुरलेल्या शिपायांना ढोल ऐकू येईना, म्हणून हलक्या पायदळाने बिगूल जवळ केला. त्याचे शिंग हेच त्यांच्या चिन्हात आले. त्यांची चालही परंपरेने जलद, मिनिटाला 140 पावलांची. मावळच्या कड्याकपाऱ्यांत वाढलेल्या माणसाला ही चाल नवी नव्हती. पूर्वी तिला बिगुलाची साथ नव्हती इतकेच. शिंग फुंकून सावध होणारा मावळा आणि बिगुलावर धावणारा मराठा शिपाई यांच्यामधले अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

आता छात्रांकडे वळू. शिपायाचे शिक्षण पलटणीत होते, अधिकाऱ्याचे महाविद्यालयात. ब्रिटिशांनी पुष्कळ काळ हिंदी तरुणाला अधिकारी होण्याची वाटच मोकळी ठेवली नव्हती. डेहराडूनला 1922 साली मुलांसाठी लष्करी विद्यालय निघाले, आणि 1932 साली तेथेच अधिकाऱ्यांची अकादमी उघडली. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी 1937 साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. बेळगावची लष्करी शाळा 1945 सालची. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिक्षण देण्याचा प्रयोग 1949 च्या आरंभी डेहराडूनला सुरू झाला. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली, आणि 16 जानेवारी 1955 रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्घाटन झाले. 1961 साली सातारला देशातील पहिली सैनिक शाळा निघाली, 1963 साली विजापूरला. धारवाडच्या शेजारी कित्तूरला 1969 साली राणी चन्नम्माच्या नावाने मुलींची सैनिकी धर्तीची निवासी शाळा उभी राहिली. आपल्या या टापूत छात्रजीवनाची अशी एक साखळीच आहे.

या संस्थांत नवखा मुलगा येतो तेव्हा त्याला प्रथम काय शिकावे लागते? चालावयास! घरी तो वर्षानुवर्षे चालतच आला आहे. पण दुसऱ्याबरोबर चालणे त्याला येत नसते. कवायत शिकविणाऱ्या हवालदार-सुभेदारांना छात्र ‘उस्ताद’ म्हणतात. धारवाडच्या माणसाला हा शब्द ऐकून खांसाहेब अब्दुल करीम खां आठवतील. दोन्ही उस्तादांचे काम एका अर्थी सारखेच आहे. गवयाचा उस्ताद शिष्याला सम दाखवितो. कवायतीचा उस्तादही समच दाखवितो, ती डाव्या टाचेवर येते. मोठ्या ढोलाचा ठोका पडला की डावा पाय जमिनीला टेकला पाहिजे. तो चुकला की शंभरांच्या रांगेत एकटा चुकलेला ताबडतोब ओळखू येतो. आपला पाय आपल्या एकट्याचा नाही, ही जाणीव पुस्तकाने होत नाही; ती ढोलाने होते. पुढे याच मुलाच्या हुकुमावर माणसे जीव धोक्यात घालणार असतात. म्हणून हे पाऊल महत्त्वाचे.

बँडच्या या साध्या कामाला 1947 नंतर अकस्मात राष्ट्रीय प्रश्नाचे स्वरूप आले. देश स्वतंत्र झाला. ‘गॉड सेव्ह द किंग’ गेले. त्याच्या जागी बँडने काय वाजवावे? त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या निमित्ताने अमेरिकेत भारताचे राष्ट्रगीत विचारले गेले, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी जवळ असलेली ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका दिली. तेथील वाद्यवृंदाने ती बसविली, आणि ती लोकांना आवडली. पंडित नेहरूंनी 25 ऑगस्ट 1948 रोजी घटना समितीपुढे हा वृत्तान्त सांगितला, आणि राष्ट्रगीत निवडताना त्याची चाल देशात व परदेशात बँडवर वाजविता येणे आवश्यक आहे, हा मुद्दा मांडला.

इकडे ‘वंदे मातरम्’ला कौल देणाऱ्यांची बाजू एका मराठी गायकाने नेटाने लढविली. ते म्हणजे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. हे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, आणि भास्करबुवा काही वर्षे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवीत होते. म्हणजे ही गुरुपरंपरा धारवाडला परकी नव्हे. ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजविता येत नाही, हा आक्षेप मास्टर कृष्णरावांना मान्य नव्हता. त्यांनी झिंझोटीच्या अंगाने एक सुटसुटीत चाल बांधली, जाणकारांच्या साह्याने ती बँडसाठी लिहवून घेतली, आणि दिल्लीला जाऊन तिचे प्रात्यक्षिक करून दाखविले. नाट्यसंगीतात आणि ‘प्रभात’च्या चित्रपटांत कीर्ती मिळविलेल्या या गवयाने आपली सारी विद्या कवायतीच्या तालात बसविण्यासाठी खर्ची घातली, हे दृश्य हृद्य आहे. 24 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. मास्टर कृष्णरावांची चाल राष्ट्रगीताच्या जागी बसली नाही. परंतु भारतीय चाल बँडसाठी विचारपूर्वक बांधता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

ही गोष्ट कठीण का आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपला राग स्वरांच्या मधल्या वाटेवर जगतो. मींड, आंदोलन, कण यांतच त्याचा जीव. कळी दाबून वाजणारे पितळी वाद्य एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारते, त्यामुळे मधली वाट हुकते. शिवाय बँडमधील वाद्ये निरनिराळ्या पट्टीत बांधलेली असतात; प्रत्येकाचा कागद वेगळा लिहावा लागतो. आपले गाणे एका स्वररेषेचे, तर बँडला स्वरमेळ लागतो. खर्जाच्या वाद्यांनी, मधल्या वाद्यांनी काय वाजवावे हे ठरवावे लागते. आणि या सगळ्यावर पावलाचे बंधन. गवयाने एखादी सुंदर जागा घेताना क्षणभर लय लांबविली तर रसिक मान डोलावतात. बँडने तसे केले तर अख्खी तुकडी अडखळेल! म्हणून केवळ चाल सुंदर असून भागत नाही, ती चालणारी चाल असावी लागते.

हे कौशल्य शिकविण्यासाठी शाळा हवी. इंग्लंडला ही गरज फजितीतून कळली. 1854 साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी, तुर्कस्तानात स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाचे संचलन झाले. अनेक पलटणींचे बँड एकत्र आले, आणि राष्ट्रगीत सुरू होताच प्रत्येक बँड आपापल्या पट्टीत, आपापल्या पद्धतीने वाजवू लागला, असे सांगतात. त्या गोंधळातून धडा घेऊन 1857 साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली, आणि 2021 पर्यंत ती त्या वास्तूत नांदली. आपण आपली शाळा 1950 साली, जनरल करिअप्पा सरसेनापती असताना, मध्य प्रदेशातील पचमढी येथे काढली. गव्हातून, चहाच्या मळ्यांतून, वाळवंटातून आलेले जवान तेथे स्वरलिपी शिकतात, वाद्य शिकतात. त्यांतील काही पुढे बँडमास्तर होतात, आणि आपापल्या पलटणींत परत जाऊन नव्या मुलांना तयार करतात.

स्वतंत्र भारताच्या बँडला नवे सूरही मिळाले. आझाद हिंद सेनेचे कॅप्टन राम सिंग ठाकुरी हे मूळचे गुरखा पलटणीच्या बँडमधले. ‘कदम कदम बढाये जा’ या कूचगीताशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. ज्या सैन्याशी आझाद हिंद सेना लढली, त्याच सैन्याच्या वारसांनी हे गीत आपल्या संचलनात सन्मानाने घेतले. ‘सारे जहाँ से अच्छा’ला पंडित रविशंकरांनी दिलेली चाल आज इतकी रूढ झाली आहे की तिच्याशिवाय दीक्षान्त संचलनाची कल्पनाच करवत नाही. ढोलाचा ठोका तोच, 120 पावलांचा. पण त्यावर स्वार झालेला सूर आता येथला आहे.

हा बदल सरळ रेषेत, वादाशिवाय झाला असे मात्र नाही. दरवर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’चा समारंभ होतो. मेजर रॉबर्ट्स या भारतीय सेनेतील अधिकाऱ्याने 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याला आजचे रूप दिले. गांधीजींना प्रिय असलेले ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत त्यात अनेक वर्षे वाजत असे. 2022 साली ते वगळण्यात आले आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून घेण्यात आली. कवी प्रदीपांच्या या गीताला चाल दिली होती आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे रामचंद्र चितळकरांनी. आणि 27 जानेवारी 1963 रोजी लता मंगेशकरांनी ते दिल्लीत गाईले तेव्हा 1962 च्या युद्धाची जखम ताजी होती. या बदलाने काहींना समाधान वाटले, काहींना हुरहूर लागली.

या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे सत्य आहे, असे माझे नम्र मत आहे. आपल्या सैनिकाच्या स्मरणार्थ आपल्या मातीतील सूर वाजावा, ही इच्छा स्वाभाविक आहे, सी. रामचंद्रांच्या चालीत ते सामर्थ्यही आहे. परंतु जुना सूर केवळ परका आहे म्हणून त्याज्य, हा न्याय लावू लागलो तर बँडमध्ये उरेल काय? बिगूल परका, क्लॅरिनेट परके, स्वरलिपी परकी. आणि चितळकरांच्या वाद्यवृंदाला साथ देणारे गोवेकर वादकही परक्या विद्येवरच पोसलेले! परके काय आणि आपले काय, हे जन्मस्थानावरून ठरत नाही. कोणी किती श्रमाने ते आत्मसात केले यावरून ठरते.

आणि म्हणूनच खडकवासल्याच्या त्या स्कॉटिश धुनेकडे पुन्हा एकदा पाहावे. ज्या रवींद्रनाथांनी आपल्याला राष्ट्रगीत दिले, त्यांनीच ‘ऑल्ड लँग साइन’च्या सुरावर बंगालीत जुन्या दिवसांच्या आठवणीचे एक गीत रचले, आणि बंगालच्या घराघरांत ते आपले म्हणून गाईले जाते. कवीला जे परके वाटले नाही, ते छात्राला का वाटावे? उद्या एखाद्या भारतीय संगीतकाराने निरोपाची याहून सरस धून बांधली तर ती अवश्य घ्यावी. पण ती निवडताना जुन्याविषयीचा राग कामाचा नाही. नव्याची योग्यता पाहिली पाहिजे. मास्टर कृष्णरावांनी वादविवाद करून भागविले नाही. चाल बांधली आणि वाजवून दाखविली. तोच मार्ग खरा.

या मैदानावरील पावलेही बदलत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशानंतर 2022 साली प्रबोधिनीत प्रथमच मुली दाखल झाल्या, आणि 30 मे 2025 रोजी 148 व्या तुकडीबरोबर 17 मुली तेथून संचलन करीत बाहेर पडल्या. 30 इंचांचे पाऊल, तोच ढोल, तीच धून. बँडने त्यांच्यासाठी वेगळा ताल धरला नाही, आणि त्यांनीही तो मागितला नाही. 1948 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत तर मुलींचे बँड पूर्वीपासून आहेत. पिलानीच्या बिर्ला बालिका विद्यापीठाचा बँड अनेक वर्षे प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात राजपथावर, म्हणजे आता ज्याला कर्तव्यपथ म्हणतात त्या मार्गावर, दिसत आला आहे. वाजविण्यास त्या लायक ठरल्या होत्या. त्या तालावर अधिकारी होऊन चालण्याचा अधिकार मिळावयास मात्र बराच काळ जावा लागला.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. संचलन पाहताना आपण छात्रांकडे पाहतो, मानवंदना घेणाऱ्याकडे पाहतो, पदक मिळविणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचतो. बाजूला उभे राहून तास-दीड तास उन्हात वाजविणाऱ्यांची नावे कोणी विचारीत नाही. आपल्या समाजात गवई पूजनीय झाला, पण वाजंत्री उंबऱ्याबाहेरच राहिला. त्या जुन्या सवयीचा हा अवशेष असावा. लढाईच्या काळात बँडमधील हीच माणसे परंपरेने जखमींना उचलून आणणारी असतात, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तंजावरच्या दरबारापासून पचमढीच्या शाळेपर्यंत, पणजीच्या चर्चपासून बेळगावच्या छावणीपर्यंत, अशा अनामिक माणसांनीच ही परकी विद्या आपल्या श्वासाने फुंकून आपली केली. हजार पावले एकसारखी पडतात तेव्हा त्यांच्या मागे कोणाचा तरी श्वास आणि कोणाचा तरी हात राबत असतो, एवढे आपण ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.